मानधनाची यादी

आमच्या कामात पगाराला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. पगार हा शब्द उच्चारला की समोरचा संस्थाचालक खुर्चीत मागं सरकतो आणि आपण चपला घालून त्याच्या देवघरात शिरलो असा चेहरा करतो. मी हे पहिल्यांदा नांदेडात पाहिलं. विशेष शिक्षणाची पदविका नुकतीच हातात पडली होती आणि शहराबाहेरच्या, बौद्धिक अक्षम मुलींच्या एका निवासी शाळेत मी मुलाखतीला गेले होते. माझ्या उत्तरांवर सगळे खूश दिसले. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणाले, तर मी सरळ विचारलं, "सर, पगार किती राहील?" अध्यक्षांनी भिंतीवर ओळीनं लावलेल्या समाजसुधारकांच्या तसबिरींकडं बोट केलं आणि म्हणाले, "यांनी विचारला होता का?"

मी लोह्याकडच्या खेड्यातली. घरची शेती भावांच्या नावावर, माझ्या नावावर ही एक पदविका. आमच्याकडं खुरपायला येणारी बाईसुद्धा वावरात पाय ठेवायच्या आधी रोजाचे पैसे ठरवून घेते, आणि त्यात तिला किंवा आमच्या वडिलांना कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. त्यामुळं अध्यक्षांच्या उत्तरावर नेमकं काय करायचं ते मला कळेना. मी म्हणाले, "यांचं माहीत नाही सर, पण मला खोलीचं भाडं द्यायचंय." बाकीची मंडळी हसली. मला आठ हजारांवर ठेवलं आणि नियुक्तीच्या कागदावर लिहिलं, 'सेवाभावी वृत्तीने काम करण्यास तयार.'

शाळा एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात होती. लग्नाच्या हॉलमध्ये बत्तीस मुली झोपायच्या, वधूपक्षाच्या खोलीत स्वयंपाक चालायचा आणि वरपक्षाच्या खोलीत अध्यक्षांचं ऑफिस होतं, एसी लावलेलं. दारावरच्या बोर्डवर मी असेपर्यंत दोनदा शब्द बदलला. आधी 'मतिमंद' होतं, मग दुसरं काहीतरी आलं, मग 'दिव्यांग' आलं. दर वेळी रंगारी आला, शिडी लागली, हार घातला, फोटो निघाले. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, ती मात्र शेवटपर्यंत लागली नाही. मुलींना अंघोळ घालताना मावशी एका पायानं दार दाबून धरायच्या.

मावशी म्हणजे कागदोपत्री काळजीवाहक. मुलींना उठवणं, हागणंमुतणं बघणं, धुणं, न्हाऊ घालणं, भरवणं, पाळी आली की कपडे बदलणं, फिट आली की कुशीवर वळवून बसणं, हे सगळं त्यांचं काम. बत्तीस मुलींना दोन मावशा होत्या. त्यातली एक सारखी गावी जायची, म्हणजे खरं तर एकच. ती विधवा होती, पन्नाशीच्या आसपासची, माझ्याच तालुक्यातली. राहणं-खाणं शाळेत आणि हातात पाच हजार. मी बीए, पदविका आणि वर आठ हजार असं सगळं मिळवून जे करत होते, म्हणजे मुलींना रंग ओळखायला शिकवणं आणि त्याच्या फायली लिहिणं, ते एक आठवडा बंद राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मावशी एक सकाळ नसत्या तर त्या हॉलमध्ये कुणाला पाय ठेवता आला नसता.

त्या बत्तिसांत एक मुलगी होती, चौदा वर्षांची, अंगानं भरलेली. चालता येत नव्हतं, मान धरत नव्हती. ती फक्त मावशींच्या हातचं खायची. मी भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायची आणि माझ्याकडं असं बघायची की मला आपली पदविका आठवायची. मावशी दूधभाकरीचा काला करून बोटानं तिच्या गालाच्या आत लावायच्या, मग ती गिळायची. एक जेवण पाऊण तास चालायचं. त्या मुलीला दिवसातून आठ-दहा वेळा उचलावं लागायचं आणि मावशी एकट्याच उचलायच्या. कमरेत उसण भरली की फडकं गच्च आवळून बांधायच्या आणि पुन्हा वाकायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, एकटीनं उचलायचं नाही. मावशी मला म्हणाल्या, "डागतर चांगला हाय बाई. पन दुसरी बाई काय त्यो गोळीसंगं देऊन राहिला का?"

तिथलं सगळ्यात ओंगळ काय असेल तर वाढदिवस. आमच्याकडच्या लोकांना हल्ली वाढदिवस असा साजरा करायची चटक लागली आहे. ऑफिसात एक वही टांगलेली असायची, त्यात बुकिंग. कुणाचा नातू एक वर्षाचा, कुणाचे भाऊ नगरसेवक, कुणाच्या दुकानाची नवी शाखा. अकराची वेळ दिलेली असायची. मुलींना साडेदहापासून सतरंजीवर ओळीनं बसवायचं, धुतलेले फ्रॉक घालून. पाहुणे यायचे दीड वाजता. तोवर ताटं वाढून समोर ठेवलेली, कारण भरल्या ताटांसकट फोटो हवा असायचा. भूक लागलेल्या, काही न कळणाऱ्या मुलींसमोर जिलबी ठेवायची आणि हात लावू द्यायचा नाही, हा प्रकार मी दीड वर्षं पाहिला. मावशी आणि मी त्यांचे हात धरून बसायचो. एखादीनं घास उचललाच तर अध्यक्ष लांबून डोळे वटारायचे, मुलीकडं नाही, आमच्याकडं.

मग पाहुणे यायचे, केक कापायचे, एका मुलीच्या तोंडाला लावायचे, तोंड पुसायचे नाहीत, निघून जायचे. एखादी बाई डोळ्याला पदर लावून म्हणायची, "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही." आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हॉलभर जुलाब. तेलात तळलेलं, पाकातलं, वर आईस्क्रीम, असं आठवड्यातून चार वेळा खाल्लं की कुणाचंही पोट बिघडेल. या मुली तर सांगूही शकत नव्हत्या. मावशी सकाळपासून फिनेल आणि खराटा घेऊन. हातमोजे नव्हते, म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मनगटाला सुतळीनं बांधायच्या. मी एकदा ऑफिसात जाऊन हातमोजे मागितले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आई लेकराचं करताना मोजे घालते का?" ते वाक्य अजूनही आठवलं की शिसारी येते.

मी तिथून निघाले ती उदगीरला. तिथं अशाच मुलांचं दिवसभराचं केंद्र होतं. नवी इमारत, भिंतीवर फुलपाखरं, आणि चालवणाऱ्या बाई फार गोड बोलणाऱ्या. त्या कुणाला कर्मचारी म्हणत नसत. आम्ही कुटुंब होतो. मानधन दीड हजारानं जास्त ठरलं होतं, पण फंड आला की मिळायचं, आणि फंड कधी पुण्यात अडकलेला असायचा तर कधी दिल्लीत. चार-चार महिने हातात काही पडलं नाही की बाई मीटिंग घ्यायच्या आणि कुटुंबात असं चालतंच म्हणून सांगायच्या. त्या फुलपाखरांच्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. आम्ही सहा शिक्षिका पाळीपाळीनं शेजारच्या घरी जायचो. घरातली म्हातारी कानडी बोलायची, आम्ही आलो की हसत हसत सुनेला काहीतरी सांगायची. मी सकाळपासून पाणी पिणं सोडलं. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा बाईंनी मला फुलांचा गुच्छ पाठवला. मी बरी झाल्यावर राजीनामा दिला.

म्हणून लातूरची संस्था मिळाली तेव्हा पहिले काही दिवस माझा विश्वास बसेना. लातुरात चौकाचौकात शिकवण्यांचे फलक, डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो, त्यांना शिकवणाऱ्यांच्या गाड्या. आमची संस्था त्या सगळ्याच्या मागं, रिंगरोडच्या पलीकडं होती. पण आत गेलं की न्हाणीघराला कडी होती. गरम पाणी होतं. टँकर यायचा तो दिवस ठरलेला होता. भिंतीवर खिळ्याला हातमोज्यांचा खोका लटकवलेला होता आणि पहिल्या दिवशी मी कारण नसताना त्यातला एक जोड घालून बघितला. सहा मुलींमागं एक मावशी, आणि अंगानं मोठ्या मुलीला उचलायचं तर दोघींनी, असा लेखी नियम. मावशींना नऊ हजार. वाढदिवस इथंही व्हायचे, पण पाहुणे उशिरा आले तर मुली जेवून घेत. सचिव म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, पांढरा सदरा, हळू आवाज. कुणी पाहुणा आला की ते आवर्जून सांगायचे, "आमच्याकडं मावशीला नऊ हजार देतो आम्ही." आपल्या घरातला फ्रीज दाखवावा तसं ते नऊ हजार दाखवायचे. मला तेव्हा ते खटकलं नाही. दाखवण्यासारखं होतं, दाखवत होते.

मी नांदेडच्या मावशींना फोन केला. म्हटलं, इकडं या, नऊ हजार देतात, मोठ्या मुलीला दोघी मिळून उचलतात, जागा निघाली की सांगते. त्या म्हणाल्या, "ही पोरगी हाय ना हितं. कुनाच्या हातचं खाती सांगा बरं." मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे आणि त्या दर वेळी हेच सांगायच्या. कंबर आता बसतानाही दुखत होती. पण पोरगी होती.

मग ती मुलगी अठरा वर्षांची झाली. अठरानंतर शाळेत ठेवत नाहीत. भाऊ छोटा टेम्पो घेऊन आला, मागं गादी टाकली, तिला निजवलं आणि घेऊन गेला. मावशींनी त्याच्या बायकोला काला कसा करायचा, बोट गालाच्या आत कुठं लावायचं, सगळं दाखवलं. तिनं नाकाला पदर लावून बघितलं. आठवड्यानं मावशींचा फोन आला. "आता मला हितं काय बांधून ठिवलंय? येते मी. खरंच दोघी-दोघी उचलतेत का वो तितं?" मी म्हटलं, हो मावशी, नियमच आहे. सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या माहितीतल्या आहेत ना? मग बोलवा. जागा आहेच." मावशींनी नांदेडात काम सोडत असल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी महिनाभर थांबवून घेतलं आणि निरोपाला शाल दिली. शालीचा फोटो निघाला.

त्या महिन्यातच नांदेडला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. आमची नोंदणी टिकवायची तर अशी प्रशिक्षणं करून गुण जमवावे लागतात, म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षिका तिथं भेटतात. व्याख्यानं काय व्हायची ती होवोत. खरं शिक्षण जेवणाच्या सुट्टीत, मसालेभाताचं ताट मांडीवर घेऊन. "तुमच्याकडं किती देतेत?" इथून सुरू व्हायचं. देगलूरकडची एक म्हणाली, "आमच्याकडं दोन कागद असतेत. मोठ्या आकड्यावर सही करायची, बारका आकडा घरी न्यायचा." चाकूरची म्हणाली, "मी बाळंतपणाची रजा मागितली, तर म्हनले, राजीनामा द्या, पुन्हा अर्ज करा." एकीच्या संस्थेत मावशी आणि स्वयंपाकीण एकच होती, आणि हात धुवायला साबण द्यायचा की नाही यावर तिथं मीटिंग झाली होती. सगळ्या हसत होत्या. मलाच हसू येईना. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

प्रशिक्षणात फुकट मिळालेल्या पॅडवर मी रेघा मारल्या. अकरा संस्था झाल्या. शिकवणारीला किती, मावशीला किती, एका मावशीकडं किती लेकरं, हातमोजे, संडास, रजा. शेवटच्या दिवशी एसटीत बसले आणि लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत लातूर येईपर्यंत ते सगळं मोबाइलवर नीट टाइप केलं. संस्थांची नावं घातली. मावशीच्या रकान्यात साडेतीन हजारांपासून वर चढत गेलं आणि एकदम वर आमचे नऊ हजार. वर एक ओळ लिहिली: 'एकाला जमतं तर दहांना का जमत नाही?' आणि शिक्षिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं.

हा विचार माझ्या शिक्षणातूनच आला होता. आमच्यात अनुकरणाची एक पद्धत आहे. सगळ्यांना दात घासायला शिकवायचं तर जिला छान जमतं तिला पुढं उभं करायचं, तिचं कौतुक करायचं. बाकीच्या बघतात, आणि हळूहळू ब्रश तोंडात घालतात. मी बारा-बारा वर्षांच्या मुलींना असं शिकवलेलं होतं. मला वाटलं, अध्यक्ष आणि सचिव लोकांनाही जमेल. लातूरला पुढं उभं केलं की बाकीचे लाजतील आणि बघून शिकतील. मी इतकी वर्षं या लोकांमध्ये काढून इतकी बावळट कशी राहिले, याचा आज मला त्या लोकांइतकाच राग येतो.

ग्रुपवर अंगठे आले, टाळ्या आल्या. कुणीतरी लिहिलं, 'ताई, डिलीट करा.' दोघी ग्रुप सोडून गेल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ती यादी कुठल्या कुठं पोचली होती.

पाचव्या दिवशी सचिवांनी बोलावलं. टेबलावर माझी यादी होती, छापून घेतलेली, पिवळ्या पेनानं रेघा ओढलेली. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढं केली.

"बसा मॅडम, बसा. चहा सांगतो. अहो, काय सुंदर काम केलंत!"

मी बसले.

"अशी पाहणी बाहेरून करून घ्यायची म्हटलं असतं तर केवढा खर्च आला असता. आणि एवढी खरी माहिती आम्हाला कुणी दिली असती का? काल कार्यकारिणीत सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं."

मी मूर्खासारखी "थँक्यू सर" म्हणाले. मग त्यांनी यादी माझ्याकडं वळवली. मावशीच्या रकान्याखाली पेन्सिलीनं भागाकार केलेला होता.

"सदस्यांचं म्हणणं पडलं, की आपण गरजेपेक्षा फार जास्त देतोय. दात्यांचा पैसा आहे मॅडम, उत्तर द्यावं लागतं. जुन्यांचं तूर्त आहे तसं राहू द्या. नव्या नेमणुका सरासरीनं. साडेपाच बसतात. आणि हे बघा, बाकीच्या ठिकाणी एक मावशी बारा-चौदा मुली बघते. आपण सहा! तर इथून पुढं नवीन मावशीला बारा. म्हणजे मग दोघींनी उचलायचा तो नियम काही ठेवता येणार नाही."

मी म्हटलं, "सर, मी ते त्यांना लाज वाटावी म्हणून लिहिलं होतं."

"हो ना," ते प्रेमानं म्हणाले, "भावना कळतात आम्हाला. पण आकडे तुमचेच आहेत."

चहा आला. मी तो प्यायले. उठून जायला हवं होतं, कप त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतायला हवा होता, पण मी बशी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "ती नांदेडची मावशी सोमवारी येतेय सर. तिला आपण नऊ सांगितलेत." ते म्हणाले, "आपण कुठं सांगितलेत? तुम्ही सांगितलेत. समजावून सांगा तिला. तुमचं ऐकेल ती." बाहेर आले आणि बेसिनवर जाऊन चूळ भरली, दोनदा, तीनदा. तोंडातली चहाची चव जाईना. मी मावशींना फोन करायला हवा होता. तीन दिवस होते. रोज फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. नांदेडची जागा तर त्यांनी सोडलेलीच होती, आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती.

सोमवारी त्या सकाळच्या एसटीनं आल्या. एक पिशवी, एक वळकटी, अंगावर ती निरोपाची शाल. आल्या आल्या न्हाणीघर बघून आल्या, कडी लावून बघितली, खोक्यातले हातमोजे बघितले आणि हसत माझ्या टेबलासमोर बसल्या. मला इथं विभागप्रमुख केलं होतं, त्यामुळं नव्या मावशींचे कागद भरून घेण्याचं काम माझ्याकडंच होतं. कागद सचिवांनी तयार करून ठेवला होता. स्वखुशीनं, सेवाभावानं, दरमहा साडेपाच हजार मानधनावर, बारा लाभार्थींची काळजी. तीन वर्षं वाढ मागणार नाही. मी तो वाचून दाखवला. आवाज माझाच होता.

"साडेपाच?" मावशी म्हणाल्या. "तुमी तर नऊ म्हनला व्हताव."

मी सगळं सांगितलं. प्रशिक्षण, यादी, ग्रुप, भागाकार. काही लपवायचं नाही असं ठरवून सांगितलं. माझा हेतू वाईट नव्हता, हे मी तीन वेळा म्हणाले असेन. त्या ऐकत होत्या, मांडीवर शालीचं टोक बोटाला गुंडाळत.

"आन् बारा लेकरं? उचलायला?"

"एकटीनंच, मावशी."

त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर दोन जुन्या मावशा एका मुलीला काखेत धरून उन्हात नेत होत्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. मावशींनी नकळत हात मागं नेऊन कंबर दाबली.

"नांदेडापरीस पाचशे तर जास्तच हायेत," त्या म्हणाल्या. माझी समजूत घालत होत्या. मला ते सहन होईना. त्या भांडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "आन् तुमचं, बाई? तुमचंबी कमी केलं का त्यानी?"

"नाही."

"कावून? तुमीबी तर त्या कागदावर असताल."

मी यादीत बाकीच्या दहा संस्थांमधल्या शिक्षिकांचे आकडे लिहिले होते. त्या बायकांनी मांडीवर ताट घेऊन, विश्वासानं सांगितलेले. लातूरच्या ओळीत, शिकवणारीच्या रकान्यात, मी आकडा लिहिला नव्हता. तिथं मी 'समाधानकारक' असं लिहिलं होतं. मला किती मिळतात हे नांदेडच्या मैत्रिणींना कळू नये, त्यांनी नजर लावू नये, कुणी इथं अर्ज टाकू नये, असं एसटीत टाइप करताना क्षणभर मनात आलं आणि बोटानं तो शब्द लिहिला. आकडाच नसल्यामुळं भागाकारात मी आलेच नाही.

मी हे मावशींना सांगितलं. कधी नव्हे ते खरं सांगितलं.

"हुशार हाव बाई तुमी," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, आणि एवढं शिकलेल्या बाईकडून त्यांची तेवढीच अपेक्षा होती.

त्यांना सही येत होती. नांदेडच्या शाळेतल्या मुलींबरोबर बसून त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतला, कागद आपल्याकडं ओढला आणि विचारलं, "कुटं करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.